मदतकार्याच्या आसपास उडताना रेडिओ कुठे लावायचा? १२१.५, १२३.१ आणि मुंबईचं आकाश

जुहूकाठ
पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हा धागा. पूर, दरड किंवा समुद्रात सापडलेली बोट, अशा ठिकाणी मदतीची हेलिकॉप्टरं उडत असतात. त्याच भागातून जाणाऱ्या दुसऱ्या पायलटनं रेडिओ कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ठेवायचा? सर्रास तीन उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतो १२१.५ (मेगाहर्ट्झ) लाव. दुसरा म्हणतो १२३.४५ वर आपापसात बोलून घ्या. तिसरा म्हणतो एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) सांगेल तिथे राहा. नेमकं काय बरोबर आणि का, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. पाठ करायचे आकडे नकोत, कारणं हवी आहेत.

नोटॅमवाचक
तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे, पण क्रम महत्त्वाचा.

मुंबईपुरतं पहिलं उत्तर एटीसी. सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहू अगदी शेजारी आहेत, सगळं नियंत्रित आकाश आहे. इथे ज्या युनिटच्या ताब्यात तुम्ही आहात त्याची फ्रिक्वेन्सी स्वतःच्या मनानं सोडणं म्हणजे दोन विमानांमधलं अंतर राखणाऱ्या माणसाचा हात सोडणं. खाली कितीही मोठी घटना घडत असो, 'आता तिकडे जा' असं ऐकल्याशिवाय मुख्य सेटवरून हलायचं नाही.

दुसऱ्या सेटवर १२१.५. तिथे बोलायचं नाही, ऐकायचं. ही आंतरराष्ट्रीय संकट-फ्रिक्वेन्सी. तिच्यावर तुम्हाला तीन गोष्टी ऐकू येऊ शकतात: कुणाचा तरी 'मेडे' (जिवावरच्या संकटाची हाक), एखाद्या बीकनचा (संकटात सिग्नल सोडणाऱ्या यंत्राचा) खाली घसरत जाणारा सूर, किंवा तुम्हालाच उद्देशून 'अमुक ठिकाणचं विमान, तुम्ही मदतकार्याच्या क्षेत्रात शिरताय' असा इशारा. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची, आणि सेट बंद असेल तर तीच हुकते.

१२३.१ ही १२१.५ ची जोड फ्रिक्वेन्सी, शोध आणि बचावाच्या जागेवरच्या कामासाठी ठेवलेली. बचावातली विमानं पहिला संपर्क १२१.५ वर करतात आणि कामाचं बोलणं १२३.१ वर नेतात, म्हणजे १२१.५ पुढच्या संकटासाठी मोकळी राहते. तुम्ही त्या कामात नसाल आणि कुणी बोलावलं नसेल, तर १२३.१ वर तोंड उघडायचं कारण नाही. ऐकलंत तर चालेल.

१२३.४५ चा इथे संबंध नाही. महासागरावर किंवा जमिनीवरच्या व्हीएचएफ (सरळ रेषेत जाणाऱ्या रेडिओ-लहरींच्या) केंद्रांच्या पल्ल्याबाहेर असताना पायलटांनी एकमेकांशी बोलायची ती फ्रिक्वेन्सी. बचावाचा समन्वयक तिथे ऐकत बसलेला नसतो.

आता उड्डाणाआधीचं, जे खरं महत्त्वाचं. मोठं मदतकार्य सुरू झालं की आकाशाचा तुकडा तात्पुरता राखीव होतो आणि नोटॅम (पायलटांसाठीची अधिकृत सूचना) निघतो. तो असा वाचा: क्यू या सांकेतिक ओळीत क्यूआरटीसीए असा कोड दिसला तर तात्पुरतं निर्बंधित क्षेत्र लागू झालंय. बी आणि सी या रकान्यांत सुरुवात आणि शेवट, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा. हे विसरून 'एव्हाना संपलंय' समजून आत शिरण्याची चूक फार होते. ई मध्ये मजकूर: मध्यबिंदू, त्रिज्या, आणि असेल तर संपर्काची फ्रिक्वेन्सी. एफ आणि जी मध्ये खालची आणि वरची उंची. ई मध्ये फ्रिक्वेन्सी दिली असेल तर तीच त्या दिवसाची खरी फ्रिक्वेन्सी.

टॉवर-अप्रोचचे आकडे पाठ करून उडू नका. भारताच्या एआयपीमध्ये (उड्डाणाच्या माहितीचं अधिकृत पुस्तक) प्रत्येक विमानतळाच्या पानावर एडी २.१८ हा तक्ता असतो, त्यात चालू फ्रिक्वेन्सी मिळतात. शोध-बचावाची व्यवस्था त्याच पुस्तकाच्या जेन ३.६ या भागात. तिथून गुडघ्यावरच्या पॅडवर उतरवून घ्या, तारखेसह.

सागरी_वॉच
वर जे आलं ते विमानांच्या बाजूचं. मुंबईत अर्धी प्रकरणं पाण्यावरची असतात, आणि तिथे वेगळीच भिंत उभी राहते.

विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये एएमवर बोलतो. बोटींचा व्हीएचएफ १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास एफएमवर. संकटाचं चॅनल १६ म्हणजे १५६.८, डिजिटल हाकेचं चॅनल ७० म्हणजे १५६.५२५. म्हणजे बोटीवरचा तांडेल चॅनल १६ वर जीव तोडून ओरडत असला तरी वरून जाणाऱ्या साध्या चार आसनी विमानाला तो ऐकू येणार नाही. फ्रिक्वेन्सी वेगळी आहे आणि बोलण्याची पद्धतही वेगळी आहे, त्यामुळे बटण फिरवून भागत नाही. तटरक्षक दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांत दोन्ही प्रकारचे सेट असतात, म्हणून ती बोलू शकतात. जहाज आणि बचावाचं विमान यांच्यासाठी चॅनल ६ म्हणजे १५६.३ नेमलेलं आहे.

वरून जाताना तुम्हाला संकटातली बोट दिसली तर करायचं ते एवढंच: ज्या एटीसी युनिटशी बोलत आहात त्यालाच सांगा. जागा अक्षांश-रेखांशात, नाही तर 'अमुक दीपगृहापासून अमुक दिशेला इतके मैल'. बोटीचा रंग, अंदाजे माणसं, पाण्यात कुणी आहे का, कुणी हात हलवतंय का. एटीसीकडून ते मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे जातं. ते केंद्र तटरक्षक दल चालवतं. किनाऱ्यावरून फोन करायचा तर क्रमांक १५५४. विमानांच्या संकटासाठीचं समन्वय केंद्र विमानतळ प्राधिकरणाकडे असतं. ही दोन वेगळी घरं आहेत, आपसात बोलतात, पण पायलटनं स्वतः दोन्हीकडे धावायचं नाही. एटीसीला एकदा नीट सांगितलं की पुरे.

आणखी एक. बऱ्याच मच्छीमार बोटींवर इस्रोचं डॅट यंत्र असतं. त्याचं बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्गे बंगळुरूच्या केंद्रात जातो आणि तिथून तटरक्षक दलाकडे. तुमच्या विमानाच्या कुठल्याही रेडिओवर त्याचा आवाज येत नाही. '१२१.५ वर काही नव्हतं, म्हणजे संकट नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका.

वडाळा_रनर
पण १२१.५ उपग्रह ऐकतात ना? मग बीकन लागलं की आपोआप कळेलच.

सागरी_वॉच
नाही. १ फेब्रुवारी २००९ पासून कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय बचाव-यंत्रणेच्या उपग्रहांनी १२१.५ आणि २४३ वरचे बीकन टिपणं बंद केलं. आता ते फक्त ४०६ मेगाहर्ट्झ टिपतात. ४०६ चं बीकन साधारण दर पन्नास सेकंदांनी पाच वॉटचा छोटा संदेश सोडतं, त्यात त्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक असतो. त्याच बीकनमधून १२१.५ वरही अगदी कमी ताकदीचा सूर निघत राहतो, जागेवर पोचलेल्या विमानाला शेवटचे काही मैल दिशा पकडता यावी म्हणून. म्हणजे ४०६ पत्ता सांगतं आणि १२१.५ दार दाखवतं.

जुनं, फक्त १२१.५ वालं यंत्र विमानात असेल, तर ते आता केवळ आसपासच्या विमानांच्या कानांवर अवलंबून आहे. दुसरा सेट १२१.५ वर ठेवा म्हणतात ते याचसाठीही.

शेपटीचा_दिवा
याला जोडून एक काम सगळ्यांनी करावं, दहा सेकंदांचं आहे. उतरून पार्किंगला आलात की इंजिन बंद करण्याआधी १२१.५ वर जाऊन ऐका. चाकं जोरात आपटली तर ईएलटीचा (विमानातल्या बीकनचा) जी-स्विच, म्हणजे धक्क्यानं सुरू होणारा स्विच, लागू शकतो. सूर ऐकू आला तर तो तुमचाच असण्याची शक्यता मोठी. आधी टॉवरला सांगा, मग कॉकपिटमधल्या स्विचनं रीसेट करा. गुपचूप बंद करून निघून गेलात तर ४०६ चा संदेश एव्हाना वर गेलेला असतो आणि समन्वय केंद्रात कुणी तरी तुमच्या घरचे फोन लावत बसतं. भर मदतकार्यात अशी खोटी घंटा वाजली तर खऱ्या कामातलं एक हेलिकॉप्टर तिकडे वळू शकतं. बीकनची नोंदणी आणि त्यातले फोन क्रमांक अद्ययावत ठेवणं हाही याच कामाचा भाग.

अँटेना_वसई
पल्ल्याचं गणित कुणीच मांडलं नाही, आणि मुंबईत सगळं त्यावर अडतं.

व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. पल्ला किलोमीटरमध्ये काढायचा तर उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ४.१२. दोन्ही टोकांचे आकडे काढून बेरीज करा.

किनाऱ्यावरचा अँटेना ३० मीटरवर धरा: २२ किलोमीटर. हेलिकॉप्टर १५० मीटरवर: ५० किलोमीटर. बेरीज ७२. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे तिथे शोधासाठी खाली उतरलेल्या हेलिकॉप्टरला किनारा ऐकू येणारच नाही, रेडिओ कितीही उत्तम असो. तेच १६० गाठायचं तर साधारण ११०० मीटर, म्हणजे ३६०० फुटांच्या वर राहावं लागेल. म्हणून वर एक विमान घिरट्या घालत ठेवतात आणि ते खालचे निरोप किनाऱ्याकडे पोचवतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हा नौदलाची जहाजं, सी किंग हेलिकॉप्टरं आणि पी-८आय विमानं अशी वेगवेगळ्या उंचीची साधनं एकाच पाण्यावर होती. इतक्या सगळ्यांना एका समन्वयकाच्या हाताखाली ठेवण्याची गरज या गणितातूनही येते: सगळे सगळ्यांना ऐकू शकत नाहीत.

यातून वाटेनं जाणाऱ्या पायलटसाठी धडा: तुम्ही ५००० फुटांवर आहात, म्हणून तुमचा आवाज पार दूरवर पोचतो. खालच्या हेलिकॉप्टरला तुम्ही ऐकू जाता आणि तुमच्यापायी त्याच्या शेजारच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज नीट ऐकू येत नाही. उंचावरच्या माणसानं सगळ्यात कमी बोलावं.

एएम का, असाही प्रश्न येतो. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पूर्ण गिळतो आणि गिळलेला कुणाला कळतही नाही. एएमवर दोन्ही आवाज मिसळतात, शिट्टीसारखा सूर येतो. ती शिट्टी म्हणजे निरोप: दोघं बोलले, कुणा एकाचं राहिलंय, पुन्हा विचारा. मदतकार्यात शिट्टी ऐकून समन्वयकानं गप्प बसू नये. पुन्हा विचारण्याचं काम त्याचं, तुमचं नाही.

कानाला_हेडसेट
शिट्टीपेक्षा वाईट प्रकार म्हणजे अडकलेलं पीटीटी (बोलताना दाबायचं बटण). बटण दाबलेलंच राहतं, कॅरियर (आवाज वाहून नेणारी लहर) चालू राहतो आणि आख्खी फ्रिक्वेन्सी बंद पडते. ज्याचं अडकलंय त्याला पत्ता नसतो, कारण बोलताना त्याचा स्वतःचा रिसीव्हर बंद असतो. म्हणून 'बराच वेळ कुणीच बोलत नाहीये' ही शांतता संशयास्पद समजा. सेटवरचा टीएक्सचा (प्रक्षेपणाचा) दिवा बघा. पेटलेला असेल तर पीटीटीचा प्लग उपटा. मुंबईच्या दमट हवेत स्विचच्या संपर्कांवर हिरवट थर बसतो, स्प्रिंग परत येत नाही. पावसाळ्याआधी संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेनं स्वच्छ करून, वाळवून, वीस-पंचवीस वेळा दाबून बघावं.

उसन्या हेडसेटबद्दलही सांगतो, कारण मदतकार्यात माणसं ऐन वेळी हेलिकॉप्टरात चढतात. साध्या विमानांना दोन प्लग लागतात: ऐकण्याचा जाड, सव्वासहा मिलिमीटरचा, आणि माइकचा त्याहून बारीक, सव्वापाचचा. हेलिकॉप्टरला बहुधा एकच चार-संपर्काचा यू-१७४ प्लग. जोडणी-वायर मिळते, पण प्लग बसला म्हणजे काम झालं असं नाही. लष्करी पद्धतीचा माइक फार कमी इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा), पाच ओहमच्या आसपास. नागरी सेटला दीडशे ओहमच्या जातीचा माइक लागतो. चुकीची जोडी लागली तर ऐकू नीट येतं, पण तुमचा आवाज पलीकडे कुजबुजीसारखा जातो. उड्डाणाआधी 'माझं ऐकू येतंय का' हे इंटरकॉमवर आणि रेडिओवर वेगवेगळं तपासा.

पवई_पॅराबोला
हातातल्या एअरबँड (विमानांच्या फ्रिक्वेन्सींच्या) सेटबद्दल मुंबईपुरती एक खास अडचण. शहरात एफएम केंद्रांची गर्दी आहे. स्वस्त किंवा संवेदनशील रिसीव्हरच्या पुढच्या भागात दोन जोरकस एफएम सिग्नल शिरले की आत मिसळून तिसराच निर्माण होतो: पहिल्याची दुप्पट वजा दुसरा. मुंबईत १०७.१ आणि ९२.७ दोन्ही आहेत. गणित करा: २१४.२ वजा ९२.७. उत्तर १२१.५, दशांशालाही धक्का न लागता.

म्हणजे उंच इमारतीच्या गच्चीवर, प्रसारण मनोऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हातसेट घेऊन उभं राहिलात तर नेमक्या संकट-फ्रिक्वेन्सीवर गाण्यांचा गोंगाट येऊ शकतो, आणि हवेत मात्र असा कुठलाच सिग्नल नसतो. ओळखायची युक्ती: अँटेनाच्या वाटेत सिग्नल कमी करणारा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावा. खरा सिग्नल १० नं कमी होईल, हा आत तयार झालेला ३० नं पडेल. गोंगाट एकदम नाहीसा झाला तर तो तुमच्या सेटमध्येच होता. कायमचा उपाय म्हणजे ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर. तो नसेल तर जागा बदला, इमारत मध्ये घ्या. असं करण्याऐवजी लोक स्क्वेल्च (बारीक आवाज गाळणारी घुंडी) घट्ट करतात आणि मग खरा बारीक आवाजही ऐकू येत नाही.

हातसेटचा मूळ रबरी अँटेना आखूड असतो. १२१.५ साठी पाव तरंगलांबी ६१ सेंटिमीटर, प्रत्यक्षात ५८-५९ कापावी लागते. गच्चीवर तेवढी ताठ तार आणि खाली तितक्याच लांबीच्या तीन-चार आडव्या तारा एवढ्यानंही ऐकण्यात लख्ख फरक पडतो.

जुहूकाठ
फार मोलाचं चाललंय. दोन प्रश्न. एक, बचावात सामील व्हायला बोलावलंच तर क्षेत्रात शिरताना नेमकं काय बोलायचं? दोन, जमिनीवरची पथकं म्हणजे अग्निशमन दल, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), ही हेलिकॉप्टरशी कशी बोलतात?

नोटॅमवाचक
पहिल्याचं उत्तर. आयएएमसार या बचावाच्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेत जागेवरचा समन्वयक आणि विमानांचा समन्वयक अशा दोन भूमिका आहेत. विमानांचा समन्वयक नेमलेला असेल तर शिरण्याआधी त्याला ठरलेला निरोप द्यायचा, याच क्रमानं: कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) आणि देश, विमानाचा प्रकार, जागा, उंची आणि ती कोणत्या क्यूएनएचवर (उंचीमापकात लावलेला हवेचा दाब), क्षेत्रात पोचायची वेळ, किती वेळ थांबता येईल, आणि अंगावर काय आहे, म्हणजे हॉइस्ट (माणूस वर ओढून घ्यायचा दोर) आहे का, तराफा आहे का, किती माणसं घेता येतील. एका दमात, पंधरा सेकंदांत. मग थांबायचं. उत्तर येईपर्यंत हद्दीबाहेर घिरट्या.

क्यूएनएचवर जोर का देतोय ते सांगतो. वादळाच्या दिवशी दाब झपाट्यानं पडतो. एका हेलिकॉप्टरनं सकाळचा १००६ लावलाय, दुसऱ्यानं आत्ताचा ९९६. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७०-२८० फूट. जुना आकडा लावलेलं हेलिकॉप्टर डायलवर दिसतं त्यापेक्षा तेवढं खाली असतं. दोघांना समन्वयकानं ५०० फुटांचं अंतर दिलं असेल आणि जुन्या आकड्यावालं वर असेल तर निम्म्याहून अधिक अंतर न कळता गेलं. म्हणून क्षेत्रात शिरताना समन्वयक जो क्यूएनएच देईल तोच, आणि तो परत म्हणून दाखवायचा.

फ्रिक्वेन्सी परत म्हणतानाही आकडे सुटे म्हणा: वन टू थ्री डेसिमल वन. १२३.१ च्या जागी १३२.१ लागणं ही फार सहज होणारी चूक. बदलल्यावर उत्तर आलं नाही तर दोनदा हाक द्या आणि जुन्या फ्रिक्वेन्सीवर परत या. मधल्या मधे लटकू नका.

अमेरिकेत वणव्यांवर जी पद्धत आहे ती समजून घेण्यासारखी आहे. आगीच्या केंद्रापासून साधारण ५ सागरी मैलांचा घेरा, १२ मैलांवर पहिली हाक, आणि ७ मैलांवर पोचूनही संपर्क झाला नाही तर तिथेच थांबायचं, आत पाऊल नाही. त्यांचे आकडे इथे लागू होत नाहीत, पण तत्त्व कुठेही चालतं: संपर्क नाही तर प्रवेश नाही, आणि हे अंतर आधीच ठरलेलं असावं, म्हणजे ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

भायखळा_शिडी
दुसरं उत्तर माझ्याकडे. अग्निशमन दल आणि एनडीआरएफचे वॉकीटॉकी एफएमवरचे असतात. वर बोट आणि विमान यांची जी भिंत सांगितली तीच इथे. आग विझवणारा अधिकारी आपल्या सेटवरून हेलिकॉप्टरला हाक मारू शकत नाही. म्हणून पूल आधीच बांधावा लागतो: परवाना असलेला एक माणूस, हातात एअरबँड सेट, कमरेला दलाचा वॉकीटॉकी. त्यानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही. पाइप धरायचा नाही, गर्दी आवरायची नाही.

त्यानं हेलिकॉप्टरला काय सांगावं? वारा कुठून आणि किती. अडथळे घड्याळाच्या काट्यांनी, पण पायलटच्या नाकाच्या दिशेनं: 'तुमच्या दोन वाजता विजेची तार, चाळीस मीटर'. स्वतःच्या डाव्या-उजव्यानं सांगितलं तर उलट अर्थ होतो आणि मुंबईत तारा, होर्डिंगचे सांगाडे, गच्चीवरच्या टाक्या, डिश असं सगळं असतं. उतरायची जागा मोकळी तीस बाय तीस मीटर तरी हवी. पत्रे, ताडपत्र्या, प्लास्टिक आधीच हलवा, खालचा वारा ते उचलून पंख्यात घालतो. रात्री टॉर्च वर रोखू नका.

हॉइस्ट चालू असताना रेडिओ पूर्ण शांत ठेवायचा. त्या वेळी दरवाज्यातला माणूस इंटरकॉमवर पायलटला 'दोन मीटर पुढे, एक मीटर उजवीकडे' असं सतत सांगत असतो. मधेच बाहेरचा आवाज कानात आला तर एक वाक्य हरवतं आणि खाली दोरावर माणूस लटकलेला असतो. फक्त एकच शब्द बोलायला परवानगी, 'थांबा', तोही धोका दिसला तरच. आणि हुक हातात धरण्याआधी तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. हेलिकॉप्टरच्या अंगावर साचलेली स्थिर वीज जोरदार झटका देते.

रेडिओ बंद पडला तर जमिनीवरच्या खुणा. किमान अडीच मीटर लांबीच्या, जमिनीच्या रंगाशी विसंगत. इंग्रजी व्ही म्हणजे मदत हवी, एक्स म्हणजे वैद्यकीय मदत हवी, वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, बाण म्हणजे आम्ही या दिशेनं निघालोय. साड्या, ताडपत्री, विटा, काहीही चालतं. विमानानं पंख डोलावले म्हणजे कळलं. रात्री दिवे दोनदा लुकलुकवतात.

सर्वसामान्य माणसानं हेलिकॉप्टर मागवायचा मार्ग रेडिओ नाही. ११२ किंवा पालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६.

वडाळा_रनर
आमच्याकडे ड्रोन उडवणारे बरेच आहेत. पुराचं चित्रण करताना हेलिकॉप्टर आलं तर ड्रोनवाल्यानं कोणत्या फ्रिक्वेन्सीवर सांगायचं?

अँटेना_वसई
कोणत्याही नाही. ड्रोनचा दुवा बहुतेक २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर असतो, त्याचा विमानाच्या रेडिओशी काही संबंध नाही, आणि हेलिकॉप्टरच्या पायलटला पावसात ड्रोन दिसत नाही. आवाज ऐकू आला की ताबडतोब खाली उतरवा. 'घरी परत' हे बटण दाबू नका, कारण बरेच ड्रोन परत येण्याआधी ठरलेल्या उंचीपर्यंत वर चढतात, म्हणजे नेमके हेलिकॉप्टरच्या उंचीला. सरळ खाली, हातानं. मुळात मुंबईचा बराच भाग डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर लाल (बंदीचा) किंवा पिवळा (परवानगी लागणारा) आहे. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही परवानगीशिवाय मर्यादा २०० फूट. शिवाय पोलिसांचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघतात, ते वेगळे. पूरग्रस्त भागात ड्रोन हवाच असेल तर तो आपत्ती कक्षामार्फतच.

शेपटीचा_दिवा
परवान्यावरही दोन ओळी. एअरबँडवर बोलायला आरटीआर हा परवाना हवा. पूर्वी तो दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडे होता. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमानं तो अधिकार डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणला. तेव्हा वरच्या 'पूल' बनणाऱ्या माणसाची परीक्षा, सेटची परवानगी हे पावसाळ्याआधी उरकायचं काम आहे. खरं संकट ओढवलं तर मात्र आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम संकटातल्या स्टेशनला हाती येईल ते साधन वापरू देतात. तेव्हा परवाना शोधत बसू नका.

जुहूकाठ
शेवटचा प्रश्न. मदतकार्याच्या जवळ असताना आपलाच रेडिओ पूर्ण गेला तर?

नोटॅमवाचक
ट्रान्सपाँडरवर (रडारला सांकेतिक आकडा पाठवणारं यंत्र) ७६००, म्हणजे रेडिओ गेलाय. मदतकार्याच्या क्षेत्राकडे पाठ करा. तिकडे जाऊन 'डोळ्यांनी बघून काढू' हा विचार मनातही आणू नका, कारण तिथल्या कुणालाच तुम्ही येताय हे कळणार नाही. बोलणं जात असेल पण ऐकू येत नसेल अशी शक्यता असते, म्हणून 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' म्हणून आपली जागा, उंची आणि पुढचा विचार दोनदा सांगा. ऐकू येत असेल पण बोलणं जात नसेल तर एटीसी तुम्हाला ट्रान्सपाँडरवरचं आयडेंट बटण दाबायला सांगून हो-नाही विचारू शकतं. त्याआधी आवाजाची घुंडी, हेडसेटचा प्लग, दुसरा सेट, सर्किट ब्रेकर, हातसेट, या क्रमानं बघा. निम्म्या वेळी प्लगच सैल असतो.

डोळ्यांनी उडता येण्यासारखं हवामान असेल तर तसंच राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरा आणि टॉवरच्या दिव्याकडे बघा. स्थिर हिरवा: उतरा. लुकलुकता हिरवा: उतरण्यासाठी परत या. स्थिर लाल: दुसऱ्याला जागा द्या, घिरट्या सुरू ठेवा. लुकलुकता लाल: विमानतळ असुरक्षित, उतरू नका. लुकलुकता पांढरा: इथेच उतरा आणि एप्रनकडे (विमानं उभी करायच्या जागेकडे) जा. दिवसा पंख डोलावून, रात्री दिवे दोनदा लुकलुकवून पोच द्या. जमिनीवर आल्याबरोबर टॉवरला फोन करा, म्हणजे तुम्हाला शोधायला कुणी बाहेर पडलं असेल तर त्याला परत बोलावता येईल.